ओळखीचा नारळ

रत्नागिरी,
महाशिवरात्र, २६ फेब्रुवारी १९८७

ज्याच्या कृपेवाचून जिभेला खरे बोलण्याचे आणि हाताला खरे लिहिण्याचे बळ येत नाही, त्या श्रीदेव भैरीच्या चरणी मस्तक ठेवून हे पत्र आरंभितो.

चि. चारुदत्त यास अनेक उत्तम आशीर्वाद.

नऊ महिन्यांनंतर माझे अक्षर पाहून तू पाकीट न उघडता बाजूला ठेवशील, अशी शंका मनात आहे. ठेवू नकोस. रागाचे पत्र नाही. आपल्या माजी विद्यार्थी मंडळाचे अकरावे संमेलन नित्याप्रमाणे अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी, ३ मे रोजी योजिले आहे. आठ वर्षे तू सहचिटणीस होतास. तुझ्यामागे तुझी सर्व कामे माझ्या अंगावर आली आणि तू काय करीत होतास ते तेव्हा कळले. दिवाळीतल्या छोट्या मेळाव्यात मी मेजांवरच्या पाट्या तुझ्यासारख्या व्यवसायवार न लावता उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाप्रमाणे लावल्या. परिणामी मिरकरवाड्याचा बर्फ कारखानदार आणि एक कीर्तनकार समोरासमोर बसले आणि तासभर एकमेकांकडे पाहून हसत राहिले. सौ. कमला म्हणाली, "अहो, हजार मुलांची नावं पाठ आहेत तुम्हाला, पण कुणाचं कुणाशी काम आहे ते त्या चारुदत्तालाच कळायचं." 

या वर्षीचे व्याख्याते, मुलांना जहाजांवर नोकऱ्या लावून देणारे श्री. विद्याधर केळसकर आहेत. हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, म्हणून गेल्या वर्षीच्या प्रसंगाविषयी एकदाच लिहितो. आपली प्रथा तू जाणतोस. संमेलनात जो कोणी नोकरी, माल किंवा भागीदारी देऊ करतो, त्याने आधी व्यासपीठावर माझ्यासमोर उभे राहावे, माझ्या वर्गातील एखादी आठवण सांगावी आणि मला ओळख पटली की समईपुढचा नारळ मी त्याच्या हाती द्यावा. ज्याच्या हाती तो नारळ आला, त्याच्याकडे नंतर कोणी कागद मागत नाही. केळसकरांना मी नारळ देत असता तू सभागृहात उठून म्हणालास, "सर, प्रवेशाची नोंदवही खालच्या कपाटात आहे. एकदा पाहून घेऊ या." मी म्हणालो, "माझी स्मृती हीच या कॉलेजची नोंदवही. ज्याला ती पुरत नाही, त्याने दुसरे मंडळ शोधावे." लोकांनी टाळ्या वाजविल्या. छातीवरची नावाची चिठ्ठी काढून तू मेजावर ठेवलीस आणि न जेवता निघून गेलास. माझे शब्द कठोर होते. एवढे मान्य करतो.

आता एक किरकोळ चौकशी. तू गोदीजवळच्या जहाज कंपनीत आहेस, म्हणून विचारतो. ‘ओशन ज्वेल’ नावाचे परदेशी निशाणाचे मालवाहू जहाज सध्या कोठे आहे, हे कळू शकेल काय? आपल्या कॉलेजात घंटा देणारा गंगाराम आता निवृत्त झाला आहे. त्याचा शिवा, जो आपल्याकडे पहिल्या वर्षापर्यंत शिकला आणि पुढे मिरकरवाड्याला ट्रॉलरवर जात होता, तो केळसकरांच्या मार्फत गेल्या ऑगस्टपासून त्या जहाजावर आहे. ऑक्टोबरनंतर त्याचे पत्र नाही. टपालाचा घोळ असावा. बाप बेचैन आहे, म्हणून लिहिले. मला स्वतःला काळजी वाटत नाही.

उत्तर उलट टपाली द्यावे.

शुभचिंतक,
चिंतामणी आठल्ये


रत्नागिरी,
२१ मार्च १९८७

चि. चारुदत्त यास आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. तू मायना घातला नाहीस, खाली नमस्कार लिहिला नाहीस, तरी बातमी मात्र काढलीस. ते कार्ड मी देवघरात पोथीखाली ठेवले आहे. कमलाच्या हाती पडू नये, हे त्याचे खरे कारण.

जहाज नोव्हेंबरपासून आखातात एका बंदराबाहेर नांगरून पडले आहे. मालक बेपत्ता, कप्तान उतरून गेला, चौदा खलाशी वर अडकले, गोडे पाणी सहाव्या दिवशी एकदा येते आणि त्याच पाण्यात दोन देशांची क्षेपणास्त्रे पडत आहेत. तू हे सारे तीन ओळींत लिहिलेस. मी त्या ओळी किती वेळा वाचल्या ते लिहीत नाही. हल्ली बातम्यांत ‘आखात’ शब्द आला की मी रेडिओचा कान पिळून तो बंद करतो. स्तोत्र म्हणताना मध्येच ओळ सुटते. जे स्तोत्र सात वर्षांचा असताना वडिलांनी मला शिकविले, त्याची ओळ सुटते.

तू उपाय कळविलास, तो असा. शिवाच्या बापाने लेखी तक्रार करावी की मुलास नाविकाची पुस्तिका न काढता, पारपत्र काढून घेऊन, फसवून पाठविले. घरच्या माणसाची तक्रार असल्याशिवाय सरकार त्या दलालास हात लावणार नाही, आणि दलालास हात लागल्याशिवाय मुलांचे कागद सुटणार नाहीत. समजलो. कार्ड आले त्याच दिवशी मी संगमेश्वरची एस.टी. धरली आणि पुढे चालत गंगारामच्या वाडीवर गेलो.

शिमगा अजून सरला नव्हता. पालखी त्याच्या अंगणात टेकलेली. सगळ्या घरांतून मुंबईचे मुलगे आलेले, ढोल चाललेला. गंगारामने मला पाहिले आणि सगळ्यांना बाजूला सारून पुढे आला.

"सर सवता आले! चिमा, घोंगडी टाक गो!" मग हळू आवाजात म्हणाला, "शिवाचा कागूद आला काय वो?"

मी म्हणालो, "जहाज बंदराबाहेर थांबले आहे. कागदांची काही अडचण आहे. तुला एक तक्रार करावी लागेल."

"कोनाची?"

"केळसकरांची."

तो हसला. मी थट्टा करतो आहे असे त्याला वाटले. मग माझा चेहरा पाहून त्याचे हसू गेले. "सर, तेला नारल तुमी दिलात. मी मागं दाराशी हुभा हुतो. तुमी नारल दिलेल्या मानसाची तक्रार मी करू? माजा हात झडंल."

त्याची बायको चिमा आतून म्हणाली, "सर सांगतात तर आंगठा टेक ना! कशाला वाद घालतंस?"

"तू गप रव. सर काय कोनाच्या सांगन्यावरना बोलत असतील. सरांनी वलखलेला मानूस खोटा निगल काय?"

चारुदत्ता, त्या वेळी मी काय करावयास हवे होते, हे तुला सांगावयास नको. मी घोंगडीवर बसलो. त्यांनी दिलेला गूळ खाल्ला. पाण्याविषयी बोललो नाही, क्षेपणास्त्रांविषयी बोललो नाही. निघताना पालखीपुढे गंगारामने स्वतःच गाऱ्हाणे घातले, आणि त्यात शिवाच्या नावाआधी माझे नाव घेतले. मी हात जोडून उभा होतो. 

तू आणखी प्रयत्न कर. बापाच्या अंगठ्याखेरीज काही मार्ग निघत असेल तर पाहा.

चिंतामणी आठल्ये


रत्नागिरी,
२४ एप्रिल १९८७

चि. चारुदत्त यास आशीर्वाद.

तुझे दुसरे कार्ड. त्यात एकच प्रश्न आहे: ‘सर, तेव्हा तुम्हाला खरोखर ओळख पटली होती काय?’

मनुष्य सत्तरीला आला की स्मृती दगा देते. एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा बसतो. अडतीस वर्षे मी शिकविले. केळसकर आपले गाव केळशी सांगतात, आणि केळशीचे किती तरी विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले. त्यांतील कोणा एकाशी घोटाळा झाला असणे शक्य आहे. तू केळशीला जाऊन आलास आणि या नावाचे घराणे तेथे कोणास ठाऊक नाही, असे लिहितोस. तर मग घोटाळा झालाच असला पाहिजे. संमेलनात उभा राहून मी तसे सांगेन. तसे झाले की गंगारामचा अडसर निघेल.

अध्यक्ष रावजीशेठ भाटकर यांच्या कॅनिंगच्या कारखान्यात जाऊन मी त्यांना सूचना दिली की व्याख्याता बदलावा. हापूसच्या पेट्या उतरत होत्या. ते म्हणाले, "सर, निमंत्रणपत्रिका छापून वाटून झाल्या. नवीन नऊ पोरांनी केळसकरांकडे नावं दिली आहेत. त्यांत माझा भाचा आहे. आणि माणसाला तुम्हीच तर आणलंत!" मी म्हणालो, "माझी चूक झाली असेल." ते म्हणाले, "तुमची? मग सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा," आणि मला आंबा कापून दिला.

नऊ मुले, चारुदत्ता. गेल्या खेपेस चार होती.

मला भय वाटते. हे मी प्रथमच लिहितो आहे. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की हातातले टाकून मी ओटीवर जाऊन उभा राहतो. कमला म्हणते, "अहो, पोस्टमन पुढे गेल्यावाचून तुम्ही पानावर बसत नाही आताशा. कुणाच्या पत्राला एवढं भ्यायचं?" पत्राला नव्हे, असे मनात म्हणतो. पण मग कशाला, ते तिला सांगत नाही. तुलाही आज सांगत नाही.

चिंतामणी आठल्ये


मुंबई,
११ मे १९८७

चि. चारुदत्त यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या हाती देणारा वृद्ध गृहस्थ गंगाराम आहे. तू त्यास ओळखशील. प्रथम त्यास बसण्यास खुर्ची दे, कारण तो आपण होऊन बसणार नाही. पाणी दे. मग पुढील मजकूर वाच. स्वतःशी वाचू नकोस. त्याला ऐकू जाईल असा मोठ्याने, आरंभापासून अखेरपर्यंत, काहीही न गाळता वाच. त्याला मी एवढेच सांगितले आहे की चारुदत्ताकडे शिवाची बातमी आहे आणि पत्रात मी काही महत्त्वाचे लिहिले आहे.

गंगारामा, आता मी तुझ्याशी बोलतो आहे.

संमेलनात काय झाले ते तू पाहिलेस, कारण तू नेहमीप्रमाणे दाराशी उभा होतास. केळसकर पांढऱ्या सफारीत आले. सभागृह भरले होते. मी ध्वनिक्षेपकापुढे गेलो आणि म्हणालो की गेल्या वर्षी माझ्या स्मृतीने दगा दिला, हे गृहस्थ माझे विद्यार्थी नव्हेत, यांच्या हाती मुले देऊ नयेत.  मग केळसकर उठले, माझ्या पाया पडले आणि लोकांकडे वळून म्हणाले, "सर थकले आहेत. गेल्या वर्षी ओळखलंत सर, यंदा विसरलात, इतकंच. म्हातारपणी आईसुद्धा मुलाला विसरते. मुलानं आईला विसरू नये." लोक गहिवरले. कोणी तरी मला खुर्ची आणून दिली. रावजीशेठनी समईपुढचा नारळ स्वतः उचलला आणि त्यांच्या हाती दिला. टाळ्या मी बसल्या जागी ऐकल्या. दुपारी केळसकरांच्या मेजापुढे सर्वांत लांब रांग होती.

संध्याकाळी तू माझ्याजवळ आलास. मी म्हणालो, "गंगारामा, आता तरी अंगठा दे." तू म्हणालास, "सर, तुमाला आता आटवत नाय, ता मी समजतो. पन तवा आटवत हुता ना? तवाचा खरा."

तू बरोबर बोललास. स्मृतीची सबब सांगून मी त्या माणसाला सोडविले. माझी स्मृती आज गेली असेल, तर गेल्या वर्षीची माझी ओळख खरी ठरते. चारुदत्ताने मला कार्डावर जे विचारले, तेच तू दाराशी उभे राहून विचारलेस, आणि त्याचे उत्तर आहे: नाही.

मला ओळख पटली नव्हती.

सारे सांगतो. गेल्या वर्षी केळसकर माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुमच्या संस्कृतच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसत असे. तिथूनच मला समुद्र दिसला आणि तुमच्यामुळे मला जग दिसलं." गंगारामा, माझ्या वर्गात बाक कधी नव्हते. अडतीस वर्षे मुले जाजमावर बसली. ते जाजम रोज सकाळी तू अंथरलेस आणि दुपारी तूच गुंडाळलेस. तू त्या दिवशी दाराशी होतास, पण त्यांचे वाक्य टाळ्यांत बुडाले आणि तुझ्यापर्यंत पोचले नाही. मी हातभर अंतरावर होतो. मी ऐकले, आणि ऐकता क्षणी मला कळले की या मनुष्याने माझ्या वर्गात कधी पाऊल टाकलेले नाही.

तरी मी नारळ दिला. का दिला, याचा विचार मी वर्षभर केला आहे. चारशे माणसांपुढे कोणी माझ्याविषयी तसे बोलले नव्हते. त्या वाक्याची चव तोंडात असताना ते वाक्य खोटे आहे असे म्हणणे मला जमले नाही. मग चारुदत्त उठला. ती माघार घेण्याची शेवटची वेळ होती. त्याने नोंदवहीचे नाव काढले तेव्हा मला राग आला तो त्याच्या उद्धटपणाचा नव्हे. त्याला कळले आहे, या भीतीचा तो राग होता. त्याला मी अपमान करून घालवून दिले, म्हणजे मला कळले होते हे जाणणारा कोणी सभागृहात उरू नये.

आणि जुलैत शिवा माझ्या घरी आला. निघण्याआधी पाया पडायला. ओटीवर बसला, कमलाने त्याला खरवस दिला. जाताना म्हणाला, "सर, बाबा म्हणतात तुम्ही हो म्हटलंत तर जा. जाऊ ना?" मला तेव्हाही ठाऊक होते. नाही म्हटले असते तर का नाही, हे सांगावे लागले असते. मी म्हणालो, "जा. निर्धास्त जा."

गंगारामा, शास्त्र शिकवीत असता मी शेकडो मुलांना सांगितले की जाणून गप्प राहणारा साक्षी हा खोटे बोलणाऱ्याच्याच पंक्तीला बसतो. ते सांगताना माझा आवाज चढत असे. तुझा मुलगा ज्या जहाजावर आहे, तेथे कप्तान नाही, मालक नाही, गोडे पाणी सहा दिवसांतून एकदा मिळते आणि आसपास युद्ध चालले आहे. तुझ्या अंगणात बसून मी हे तुझ्यापासून लपविले. मागच्या आठवड्यापर्यंत चौदाही खलाशी जिवंत होते, असे चारुदत्ताने काढलेल्या बातमीत आहे. त्यापुढचे मला ठाऊक नाही. तक्रारीवर अंगठा देणे न देणे तुझ्या हाती आहे. पण आता तो अंगठा माझ्या शब्दाविरुद्ध नाही. माझा शब्द कधी नव्हताच.

चारुदत्ता, पाकिटात माझे प्रतिज्ञापत्र आहे. त्यात बाकांचे वाक्य, जाजम आणि जुलैतला प्रसंग, तिन्ही लिहिले आहेत. मी शुद्धीवर असून माझी स्मृती शाबूत आहे, असे डॉक्टरांचे पत्रही जोडले आहे. त्याची एक प्रत रावजीशेठना दिली आणि एकेक त्या नऊ मुलांच्या घरी स्वतः नेऊन दिली. दोन घरांनी दार लावून घेतले.  ते वाचून रावजीशेठनी भाच्याला त्याच दिवशी कारखान्यात बसविले. चिटणीसपदाचा राजीनामा दिला. कमलाला सर्व सांगितले. तिने ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, "त्या पोराला मी खरवस दिला, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

हे सर्व गंगारामला मी स्वतःच्या तोंडाने का सांगितले नाही, असे तू विचारशील. रत्नागिरीहून येथपर्यंत एस.टी.त आम्ही शेजारी होतो. पनवेलपर्यंत मी तीनदा आरंभ केला. तिन्ही वेळा तो माझ्याकडे ज्या नजरेने वळला, ती नजर जाईल या भयाने मी पावसापाण्याविषयी बोललो. सत्तरीत आलेला मनुष्य इतका भित्रा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून तुझी वाणी उसनी घेतो. तीच एकदा मी गप्प केली होती.

मी दूर नाही. तुझ्या कचेरीच्या इमारतीखाली, पायऱ्यांवर बसलो आहे. वाचून झाल्यावर गंगारामला आधी तक्रारीचे विचार. मग त्याला सांग की सर खाली आहेत. त्याने खाली यावे, किंवा मागच्या दाराने जावे, किंवा खाली येऊन त्याला जे बोलावयाचे ते बोलावे. तो येईपर्यंत मी उठणार नाही, आणि तो न आल्यास उठून कोठे जावे हे मला सुचत नाही.  येथे लोक भराभर वर-खाली जात आहेत आणि तू हे वाचीत असशील तेव्हा प्रत्येक पावलाला मला तोच आला असे वाटेल.

हे पत्र जे वाचतील त्यांना, आणि स्वतः वाचता येत नाही म्हणून ज्यांना दुसऱ्याच्या जिभेवर विसंबावे लागते त्यांनाही, परमेश्वर खरा वाचणारा देवो. ज्यांची माणसे पाण्यावर आहेत त्यांच्या दाराशी ती माणसे पुन्हा उभी राहोत. जाणून गप्प राहिलेल्यांना बोलण्याची एक तरी वेळ उरलेली असो. सर्वांचे कल्याण होवो.

चिंतामणी आठल्ये